एजंट म्हणतो, ‘आधी या तर खरं!’

ताई, मी चौतीस वर्षांचा. चाकणला टूलरूममध्ये अकरा वर्षं झाली, शिक्षण डिप्लोमा. चीनमधल्या निंगबोच्या एका मोल्ड कंपनीची ऑफर आलीय : दोन वर्षांचा करार, महिना २२,००० युआन, सहा महिने प्रोबेशन. मुदतीआधी सोडलं तर ५०,००० युआन भरायचे. एजंट म्हणतो, आत्ता एम व्हिसावर या, वर्क परमिट तिथे गेल्यावर करून देऊ. तो अडीच लाख रुपये मागतोय. घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी आहे. आम्ही शाकाहारी. वडील म्हणतात, ‘२०२० विसरलास का? चीनबिन काही नको.’ जाऊ का? गेलो तर काय काय सांभाळू?
– एक वाचक, चाकण

चाकणकर,

जायला हरकत नाही. पण एजंट सांगतोय तसं अजिबात जाऊ नका.

एम व्हिसा असतो धंद्याच्या भेटीगाठींसाठी. माल बघा, भाव करा, प्रदर्शनाला जा, मोल्डची ट्रायल बघा आणि परत या. नोकरीचा व्हिसा झेड. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कंपनी तिथल्या सरकारकडे अर्ज करते, तो मंजूर झाला की वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर निघतं, ते जोडून तुम्ही इथे झेड व्हिसा मागता. चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत पोलिसांकडे रेसिडेन्स परमिटचा अर्ज करावा लागतो. तिथे गेल्यावर व्हिसा बदलून मिळाल्याची उदाहरणं आहेत, नाही म्हणत नाही. पण बदलून मिळेपर्यंत तुम्ही कारखान्यात उभे राहिलात तर ते बेकायदा काम. त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे. प्रकरण गंभीर धरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी, वर परत पाठवणी आणि पुढची काही वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते. कंपनीलाही दंड होतो, पण ती तिथेच राहते. विमानात तुम्हाला बसवतात.

एजंट हा आडमार्ग का सुचवतोय, याचं उत्तर मला तुमच्याच पत्रात दिसतं : डिप्लोमा. परदेशी कामगारांचे तिथे अ, ब, क असे तीन वर्ग करतात. तुमच्यासारखे तंत्रज्ञ ब वर्गात येतात आणि त्याची सरळ वाट पदवी अधिक दोन वर्षांचा अनुभव अशी आहे. पदवी नसली की गुणांच्या हिशेबाने ६० गुण जमवावे लागतात. पगार, अनुभव, वय, चिनी भाषा, शिक्षण, सगळ्याचे गुण धरतात. तुमची अकरा वर्षं आणि पगार बघता जमेलही कदाचित. पण जमतंय की नाही हे कंपनीने अर्ज करून बघितलं पाहिजे, आणि निकाल लागेल तेव्हा तुम्ही चाकणला, स्वतःच्या नोकरीवर असला पाहिजेत. एजंटच्या योजनेत तो निकाल तुम्हाला निंगबोच्या हॉस्टेलवर कळणार, तोवर इथला राजीनामा दिलेला आणि अडीच लाख गेलेले.

त्या अडीच लाखांचंही बघू. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या फीला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्याला नोंदणी क्रमांक विचारा. विषय बदलला तर तेच उत्तर समजा.

आता ऑफर लेटर घ्या आणि शिक्का बघा. चीनमध्ये सहीला फारसं वजन नाही, वजन शिक्क्याला. लाल, गोल, मधोमध पाच टोकांची चांदणी, कडेने कंपनीचं चिनी नाव. तो नसेल तर तुमच्या हातातला कागद म्हणजे नुसतं प्रेमपत्र. शिक्क्यातलं नाव, करारातलं नाव आणि परमिटसाठी अर्ज करणारीचं नाव एकच हवं. खरं काम एका कारखान्यात आणि परमिट भलत्याच ‘कन्सल्टन्सी’च्या नावावर, असा प्रकार सर्रास चालतो, आणि तेही बेकायदाच. कंपनीच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की कंपनी जिवंत आहे का, कुणाच्या नावावर आहे, हे दिसतं. चिनी वाचता येत नसेल तर भाषांतराचं अ‍ॅप पुरतं.

करारातली दोन कलमं मला खटकली. तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त पण तीन वर्षांच्या आतल्या कराराला प्रोबेशन जास्तीत जास्त दोन महिने. तुम्हाला सहा लावलेत. दुसरं ते ५०,००० युआन. नोकरी सोडल्याबद्दल कामगाराकडून असा दंड घेता येतो तो फक्त कंपनीने पैसे खर्चून खास प्रशिक्षण दिलं असेल तर, किंवा स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट मोडली तर. मग सही करून टाकावी, नंतर कायदा दाखवू, असं मनात येईल. तसं करू नका. परदेशी माणसाच्या बाबतीत ‘दोघांनी जे लिहून मान्य केलं ते खरं’ असं धरण्याकडे काही शहरांचा कल आहे. नको असलेलं कलम आत्ताच काढून घ्या. करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यावर बहुधा चिनी मजकूर प्रमाण धरतात, म्हणून चिनी बाजू कुणा तिऱ्हाइताकडून वाचून घ्या. एजंटच्या ‘आमची मॅडम आहे ना’ या मॅडमकडून नको.

कागदपत्रांना वेळ लागतो. शिक्षणाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स, जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं (लेटरहेडवर, तारखांसकट, हुद्द्यासकट). चीन २०२३च्या नोव्हेंबरपासून अपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करायच्या, करारात आहे म्हणून इथले लोक बिनधास्त अपोस्टिल मारून देतात. भारत आणि चीन यांच्यात मात्र ती सोय लागू नाही. आपल्या कागदांना परराष्ट्र मंत्रालय आणि मग चिनी वकिलातीचं प्रमाणन, हीच जुनी वाट. पैसे भरण्याआधी कंपनीच्या एचआरकडून हे ईमेलवर लिहून घ्या.

नावाबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण त्यावर माझी आख्खी एक हिवाळी सुट्टी वाया गेली. मी चीनमधल्या सुझोला नऊ वर्षं एका कंपनीच्या खरेदी विभागात होते. आपलं मराठी नाव तीन डब्यांची गाडी : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर पहिले दोन डबे एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तिथे बँकेतल्या मुलीने माझं आडनाव आधी घेतलं. सिमकार्डवाल्याने ते शेवटी टाकलं. आमच्या एचआरने नवऱ्याचं नाव गाळूनच टाकलं, ‘फार लांब होतं’ म्हणून. परिणाम असा, की एका पासपोर्टवर तीन बायका नांदायला लागल्या. फोनवरचं पैशांचं अ‍ॅप बँकेचं कार्ड जोडायला गेलं की ‘नाव जुळत नाही’ म्हणायचं. चीनमध्ये ते अ‍ॅप चालत नाही म्हणजे भाजीपासून बसपर्यंत सगळं अडतं. तुम्ही असं करा : रेसिडेन्स परमिटवर नाव ज्या क्रमाने, जितक्या मोकळ्या जागा सोडून छापलंय, अगदी तसंच एका कागदावर ठळक लिहा. बँक, सिम, भाडेकरार, आगगाडीचं खातं, प्रत्येक खिडकीवर तो कागद पुढे करा आणि बटण दाबायच्या आधी पडद्यावर बघू द्या म्हणा. हसतील. हसू द्या. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, तर ते आत्ताच निस्तरा, कारण तिच्या व्हिसाला तो दाखला प्रमाणित करून लागणार आहे.

पैशांचं अ‍ॅप म्हणजे अलीपे आणि वीचॅट. २०२० साली आपल्याकडे ज्या चिनी अ‍ॅपवर बंदी आली त्यांत ही दोन्ही आहेत, त्यामुळे पुण्यात बसून नेहमीच्या स्टोअरमधून उतरवता येणार नाहीत. ते काम तिथे पोचल्यावर, कंपनीतल्या एखाद्या पोराला शेजारी बसवून. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं भारतीय कार्ड जोडता येतं. त्याचा परदेशी वापर निघण्याआधी चालू करून ठेवा. एका वेळी २०० युआनच्या वर खर्च केला की ३ टक्के जादा कापतात. तिथलं खातं उघडेपर्यंत हजार-दोन हजार युआन रोख जवळ ठेवा. दुकानदाराने रोख नाकारणं तिथे नियमाविरुद्ध आहे, पण टॅक्सीवाल्याकडे सुटे नसतात हे त्याहून खरं.

इथलं सिम बंद करू नका. बँकांचे ओटीपी त्यावरच येणार. शिवाय भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सअ‍ॅप चालतं. तिथल्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, यूट्यूब काहीच उघडत नाही. ‘व्हीपीएन टाक, सगळेच वापरतात’ असं पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगेल. परवान्याशिवायचं व्हीपीएन तिथल्या नियमात बसत नाही आणि त्यासाठी लोकांना दंड झालेले आहेत. मी आईशी रविवारी रोमिंगवर बोलायचे आणि त्यावर भागायचं.

उतरल्यापासून २४ तासांच्या आत राहत्या पत्त्याची पोलिसांत नोंद लागते. हॉटेलात असाल तर हॉटेलवाले करतात. भाड्याच्या घरात तुम्ही करायची : जवळच्या पोलिस चौकीत, म्हणजे तिथल्या पायछुसोमध्ये, पासपोर्ट, भाडेकरार आणि मालकाच्या घराच्या कागदाची प्रत घेऊन. घर बदललं की पुन्हा. मित्राकडे गादी टाकून राहिलात तरी तोच नियम. चुकलात तर दंड २,००० युआनपर्यंत. पण दंडापेक्षा त्रास जास्त, कारण ती नोंदीची चिठ्ठी नसेल तर रेसिडेन्स परमिटचा अर्ज पुढे सरकत नाही. मालक ‘कराबिराच्या भानगडी होतात, नोंद नको’ म्हणाला तर ते घर घेऊ नका, कितीही उजेड असला तरी.

घराला एक महिना अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, असा सर्रास रिवाज आहे. दलाली वेगळी. म्हणजे पहिला पगार होण्याआधी चार-पाच महिन्यांचं भाडं खिशातून. कंपनीकडून पहिले काही आठवडे हॉटेल आणि भाड्यासाठी उचल मागून घ्या. मागायला लाजू नका, तिथले लोक मागतात. आणि थंडीबद्दल तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. यांगत्से नदीच्या दक्षिणेला घरांना सरकारी हीटिंग नाही. निंगबोचा जानेवारी पुण्याच्या थंडीसारखा कोरडा नसतो, ओला असतो. घरातही स्वेटर काढवत नाही. उबदार हवा देणारा एसी प्रत्येक खोलीत आहे का, हे घर बघतानाच चालू करून बघा. जूनमध्ये झिमझिम पाऊस लागतो आणि कपडे वाळत नाहीत, तेवढं मात्र आपल्याला सवयीचं.

जेवणाचं तुम्ही समजता तेवढं अवघड नाही, पण बेसावध राहू नका. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी, एवढं म्हटल्यावर समोर हिरवी भाजी येते. ती परतलेली असते कधी डुकराच्या चरबीत, वर कोंबडीच्या अर्काची पावडर. त्यांच्या लेखी मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी. त्याऐवजी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी विचारा. भिक्षूंचं जेवण म्हटलं की सगळ्यांना नीट कळतं, आणि त्यात कांदा-लसूणही नसतो, आपल्या जैन जेवणासारखं. मोठ्या देवळांच्या आसपास अशी हॉटेलं असतात. कारखान्याच्या कँटीनमध्ये आचाऱ्याशी मैत्री करा. टोफू, बटाट्याचा बारीक कीस, वांगी सगळं रोज असतं. मसाल्याला निंगबोहून रेल्वेने कछियाओला जा. शाओशिंगजवळची ती कापडाची मोठी पेठ. आपले गुजराती, सिंधी व्यापारी तिथे पुष्कळ, त्यामुळे डाळी, पीठ, भारतीय खानावळी सगळं मिळतं. ज्वारीही मिळते, तिला गाओल्यांग म्हणतात. उत्तरेत तिचं पीठ खातात आणि सगळीकडे तिची दारू पितात. भाकरी थापून बघितली, काही वेळा ज्वारी चिकट जातीची निघते आणि पोळपाटालाच मिठी मारते.

सामानात साजूक तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. खसखस तर मुळीच नको, घरच्या मसाल्यातही नको. तिथे ती अफूच्या झाडाचं बी म्हणूनच ओळखतात.

कामाचं थोडक्यात. दुपारी जेवणानंतर दिवे मालवतात आणि निम्मं ऑफिस घडीच्या खाटा टाकून झोपतं. तेव्हा ड्रॉइंग घेऊन कुणाच्या टेबलाशी जाऊ नका. सलग सुट्टी मिळाली की तिच्या बदल्यात एखाद्या रविवारी कामावर यावं लागतं, त्याचा सरकारी तक्ता आधीच लागतो. जेवणावळीत बायजिउ, म्हणजे तिथली कडक पांढरी दारू, पुढे येईल. घ्यायची नसेल तर पहिल्या प्याल्याआधी सांगा आणि चहाचा कप उचला, कुणी रागवत नाही. दोन पिऊन तिसऱ्याला नाही म्हटलं की मात्र यजमानाचा अपमान. साहेब ‘बघू, अभ्यास करू’ म्हणाले तर बहुतेक वेळा ते नाही असतं. हे तुम्हाला चाकणमध्येही कळत असेलच.

पैसे घरी पाठवायचं गणित बायकोला समजावून जा, नाहीतर पहिल्या महिन्यात भांडण ठरलेलं. युआन मोकळेपणाने बाहेर जात नाही. परदेशी माणसाला पगाराची रक्कम डॉलरमध्ये बदलून पाठवता येते, पण बँकेला करार, पगाराचा हिशेब आणि कर भरल्याचा दाखला दाखवून. पगाराचा काही भाग ‘रोख देऊ, कर वाचेल’ असं कंपनीने म्हटलं, तर तो भाग कागदावर नसतो आणि मग तो चीनमध्येच खर्चायचा. कराच्या हिशेबात महिना ५,००० युआन वजा होतात आणि पुढे ३ ते ४५ टक्क्यांचे टप्पे आहेत. घरभाडं आणि मुलांच्या शाळेची फी कंपनी देत असेल तर पावती, म्हणजे तिथली फापिआओ, दाखवून परदेशी नोकरदाराला त्यावर करमाफी मिळते, ती २०२७ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. म्हणून नुसता पगार वाढवून मागण्यापेक्षा भाडं वेगळं मागा. सामाजिक विमा पगारातून कापतील. भारताचा चीनशी त्याबद्दल करार नाही, त्यामुळे सूट नाही. मात्र त्यातला निवृत्तिवेतनाचा तुमचा वाटा, ठरवलेल्या पगाराच्या ८ टक्के, चीन कायमचं सोडताना अर्ज करून एकरकमी परत मिळतो. पुष्कळ जण घाईत तो तिथेच सोडून येतात.

सोडतानाच आणखी एक : नोकरी संपल्याचं पत्र आणि परमिट रद्द केल्याचा कागद घेतल्याशिवाय निघू नका. त्यावाचून चीनमध्ये दुसरी नोकरी लागत नाही, आणि भांडून निघालेल्याला कंपन्या हाच कागद अडवून धरतात.

बायको-मुलीला पहिल्याच फेरीत नेऊ नका. तुमचं परमिट हातात, घर, बँक लागलेली, मग सहा महिन्यांनी त्यांचा एस-१, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही हे तिला आधी सांगा. इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा तुमच्या पगारात बसणारी नाही. मुलगी बालवाडीच्या वयाची आहे, चिनी बालवाडीत घातलीत तर वर्षभरात ती तुम्हाला भाजीवाल्याकडे दुभाषी म्हणून नेईल. मात्र तीन-चार वर्षांहून जास्त राहायचा विचार असेल तर शाळेचा प्रश्न अवघड होतो.

वडिलांचं भय खोटं नाही. २०२० साली विमानं बंद झाली आणि इकडचे इकडे, तिकडचे तिकडे अडकले; थेट विमानं पुन्हा सुरू व्हायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. असं पुन्हा होणार नाही याची हमी मी कशी देऊ? म्हणून परतीच्या तिकिटाएवढे पैसे कायम भारतीय खात्यात ठेवा. सीमेवरून मला नऊ वर्षांत कुणी टोमणा मारला नाही. टॅक्सीवाले हिंदी सिनेमांबद्दल विचारायचे. तुम्ही मात्र नकाशा, सीमा, पुढारी हे विषय वीचॅटवर काढू नका, आणि प्रेझेंटेशनमध्ये आशियाचा नकाशा टाकायची हौस आवरा. शांघायला आपला वाणिज्य दूतावास आहे, तिथला आपत्कालीन नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. पोलिस ११०, रुग्णवाहिका १२०.

उद्या कंपनीच्या एचआरला, एजंटला न घेता, थेट लिहा : माझ्या डिप्लोमावर ब वर्गात परमिटचा अर्ज करा, प्रोबेशन दोन महिने करा, ५०,००० युआनचं कलम काढा, शिक्क्याचा करार आणि परवान्याची प्रत पाठवा. चाकणचा राजीनामा नोटिफिकेशन लेटर निघून पासपोर्टवर झेड व्हिसा लागल्यावरच. नोटीस पिरियड आड येत असेल तर झेड व्हिसाची प्रवेशाची मुदत बघून तारखा जुळवा, ती बहुधा तीन महिने असते.

डिप्लोमाबद्दल कंपनी काय म्हणते ते मला जरूर कळवा. भोसरीहूनही तुमच्यासारखी दोन पत्रं आली आहेत, आणि त्यांच्या एजंटनेही एम व्हिसाच सांगितलाय.